लालच्या पलीकडे

दोंडाईच्याला मार्चात हवाच तिखट.
मोकळ्या पटांगणांवर मिरचीचे पथारे,
आणि शिंकेवरून कळतं कोण बाहेरगावचं.
शेडच्या दाराशी नाकाला ओढणी बांधली,
पिशवीतून काढला तो काळा ठोकळा, नखाएवढा.
त्याला दोन डोळे:
एक उजेड टाकतो,
एक परत येण्याची वाट बघतो.

उखर्डू मिस्तरींना आता ऐकू येत नाही.
अडतीस वर्षं शाफ्टचे फेरे त्यांनी कानाने मोजले.
चौदाशेच्या खाली उतरला की म्हणायचे, पट्टा ढिला शे,
आणि असायचा.
मग एकदा पट्टा जळाल्याचा वास सगळ्या शेडला आला,
त्यांना सर्वांत शेवटी.
शेठने मला फोन लावला तो त्यांच्यासमोरच.
ऐकू थोडंच जातंय.

लाल वायर पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला,
पिवळी मोजणाऱ्याकडे.
उजेडाच्या डोळ्याआधी दोनशेवीसचा रेझिस्टर,
नाहीतर एका दमात जळून मोकळा.
बघणाऱ्या डोळ्याला वरून दहा हजारांचा टेकू,
म्हणजे काही दिसलं नाही तर तो हो हो म्हणत राहतो,
दिसलं की गप्प.
उलटं आहे. पण असंच असतं ते.

मिस्तरींनी काही विचारलं नाही.
शाफ्टला काळा रंग मारला, सुकू दिला.
पांढऱ्या खुणेसाठी मी पिशवी धुंडाळतेय
तोवर त्यांनी कोपरीतून चुन्याची डबी काढली
आणि बोटाने एक रेघ ओढली,
तंबाखूला लागते तेवढीच.
डोळा आणि शाफ्ट यांत अंतर
आगकाड्या दोन.

"उजेड कोठे शे, माय?"
मोबाइलचा कॅमेरा धरला, पडद्यावर जांभळा ठिपका.
ते पडद्यात बघत, मग नुसत्या डोळ्यांनी बघत,
परत पडद्यात.
टेबलावर मिरचीची भुकटी बसली होती,
तिच्यात मी बोटाने लिहिलं:
लालच्या पलीकडचा रंग.
वाकून वाचलं त्यांनी,
आणि शिंकले.

मीटर लावलं. सहा हजार.
पट्टा उतरवलेला, मोटर थंड, शाफ्ट जागच्या जागी,
आणि सहा हजार.
मी डाग पुन्हा दिले, पिवळी वायर बदलली,
प्रीसेटचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे.
सहा हजार.
"बंद शे ना गिरनी? मंग हाई कोन फिरी राह्यनं?"
त्यांनी शाफ्टवर तळवा ठेवला, बराच वेळ.
मग मान वर केली.
वर काजळलेल्या तारेला शंभराचा पिवळा बल्ब.
डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ठोकळ्यावर धरली.
शून्य.
टोपी उचलली. सहा हजार.

सेकंदाला शंभर वेळा मंदावतो, उजळतो तो,
मिनिटाची साठ सेकंदं.
डिप्लोम्याला मी हे गणित पाच मार्कांना सोडवलं होतं.
त्यांना कसं सुचलं, विचारलं असतं,
पण ओरडून विचारण्यासारखं नव्हतं.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून झापड केली,
बैलाला घाण्यावर करतात तशी.
बटण दाबलं. चौदाशे एकतीस.
पलीकडे बेअरिंगवर हात ठेवून ते उभे होते,
माझ्याकडे पाठ.
एक बोट वर. मग चार.
मग पंजा जरासा हलवला, वर थोडे.

अर्ध्या तासात चुना उडून गेला.
गिरणी गरजत होती, आकडा शून्यावर.
मिस्तरी मीटरकडे बघून पहिल्यांदा हसले,
दात लाल, पापण्या लाल.
चहाच्या पुडीतला चंदेरी कागद चिकटवला मग,
तो टिकला.

निघताना साडेसात झालेले.
ते चप्पल शोधत दारात थांबले,
आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,
"बल बंद करी टाक, माय.
नही ते रातभर फिरत राही."